कुणाकडे आलात?

आमच्या सोसायटीत जिन्याखाली, पाण्याच्या मीटरशेजारच्या लोखंडी जाळीला, साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी लटकवलेली आहे. तिच्यावर चार आकड्यांची चाकं. आकडे जुळले की झाकण पडतं आणि आतून ३०२ ची चावी हातात येते. मंडळी शुक्रवारी रात्री येतात, रविवारी दुपारी जातात. आल्यावर पहिली दहा मिनिटं मोबाईलच्या टॉर्चने डबी शोधण्यात जातात आणि पुढची पाच मिनिटं आकडे एकमेकांना ओरडून सांगण्यात. त्यामुळे ते आकडे आता अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहेत. आमच्या नातवाने परवा ते पाढ्यासारखे म्हणून दाखवले.

गेटवर वॉचमनमामा विचारतात, "कुणाकडे आलात?" उत्तर येतं, "३०२, गेस्ट." मामा वहीत इमानेइतबारे लिहितात. नाव: गेस्ट. काम: गेस्ट. गाडीचा नंबर मात्र अचूक उतरवतात.

याच ३०२ मध्ये पूर्वी एक भाडेकरू होता. लातूरचा मुलगा, हिंजवडीत नोकरी. त्याला जागा देताना समितीने जी चौकशी केली तेवढी लोक मुलगी देतानाही करत नाहीत. एकटाच का? लग्न कधी? मांस-मच्छी? मित्र किती, आणि मैत्रिणी? मग अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, अंगठ्याचे ठसे, पोलीस व्हेरिफिकेशन, त्याची प्रत सोसायटीला, सामान चढवलं म्हणून लिफ्टचे वेगळे पैसे. हे सगळंच काही समितीच्या लहरीने चाललं नव्हतं. भाड्याचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं. नोंदवला नाही तर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. समितीची लहर मच्छीपुरतीच होती. मुलगा बावीस महिने राहिला. चौथ्या मजल्यावरच्या काकू बाथरूममध्ये पडल्या तेव्हा रिक्षा त्यानेच आणली. एकदा त्याच्या कचऱ्यात अंड्याची टरफलं सापडली, तर नोटीस बोर्डावर नाव न घेता असं काही लिहिलं गेलं की त्यापेक्षा नाव घेतलेलं परवडलं असतं.

आता त्याच घरात महिन्याला आठ-दहा टोळकी येऊन जातात. कोंबडी बाल्कनीत भाजली जाते. आडनाव कुणी विचारत नाही, कारण विचारायचं ठरेपर्यंत आडनाव बदललेलं असतं.

कायद्याला भाडेकरू कळतो. हॉटेलातलं गिऱ्हाईकही कळतं. पाहुणा म्हणजे मात्र घरचा माणूस. त्याला सोसायटी अडवत नाही, पोलीस विचारत नाहीत, आणि विचारावं असं आपल्यालाही वाटत नाही. ॲपवरून रात्रीच्या भाड्याने घर द्यायचा हा सगळा धंदा या एका शब्दावर उभा आहे. पैसे गिऱ्हाइकाचे, जागा भाडेकरूची आणि नाव पाहुण्याचं. तिसऱ्या दिवशीही मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढायची, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ३०२ मध्ये तीही सोय नाही. तिसऱ्या दिवशी हे नसतातच, दुसरेच कुणी पहिल्या दिवसाचे पाहुणे असतात. आमच्याकडे वर्षभर पहिलाच दिवस.

मालक सज्जन आहेत. बंगळुरूला असतात, गणपतीला फोन करतात. धंदा ते स्वतः करत नाहीत, एका तरुणाला दिलाय. त्याच्याकडे असे चौदा फ्लॅट. तो कधी दिसत नाही. दिसतात त्या मावशी. दर सोमवारी पांढऱ्या चादरींचं गाठोडं घेऊन येतात आणि वरच्या गच्चीवर आठ टॉवेल, चार चादरी, सगळं एकसारखं पांढरंशुभ्र वाळत पडतं. चाळीस वर्षांच्या संसारात आमच्या घरात दोन टॉवेल एका रंगाचे झाले नाहीत. एकदा दार उघडं होतं म्हणून डोकावलो, तर मावशी पलंगावर टॉवेलचा हंस करत होत्या. मान वळवायची, पंख पसरायचे, चोचीच्या जागी टोक आत खोचायचं. मोबाईलवर बघून शिकल्या म्हणे. "काका, हंसाचे वीस रुपये वेगळे मिळतात," त्या म्हणाल्या. या सगळ्या व्यवहारात आपल्या कामाचा दर उघड सांगणारं मला भेटलेलं हे एकच माणूस.

बाकीचे दर तुम्हीच लावा. सभासद स्वतः राहत नसेल आणि घर भाड्याने दिलं असेल तर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते. ते किती, तर सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त दहा टक्के. सोसायट्या भाडेकरूच्या नावाने मालकाला पिळत होत्या, म्हणून ही वेसण घातली आणि ते बरोबरच झालं. पण समजा सेवाशुल्क अडीच हजार. दहा टक्के म्हणजे अडीचशे रुपये, आणि तेही महिन्याचे. ३०२ च्या गड्याने शनिवारच्या रात्रीला चार हजार लावले असतील तर सोसायटीच्या वाट्याला आलेले अडीचशे म्हणजे त्या रात्रीची टीप.

पाण्याचंही तेच. आदर्श उपविधींप्रमाणे पाणीपट्टीची वाटणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर होते. आंघोळींच्या संख्येवर होत नाही. उपविधी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चौघांचं कुटुंब असणार. नाशिकहून बॅचलर पार्टीला आलेले अकरा जण नसणार. उन्हाळ्यात टँकर आम्ही समान वर्गणीने मागवतो आणि त्यात ते अकरा जण दोनदा न्हातात, एकदा रात्री आणि एकदा पश्चात्तापाने सकाळी.

अस्सल पुणेरी मजा तर पुढेच आहे. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिकेच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. मध्यंतरी ती गेली, २०२३ मध्ये परत आली, आणि पीटी-३ अर्ज भरायला पेठांपासून उपनगरांपर्यंत लोकांनी रांगा लावल्या. पुणेकर सवलतीसाठी रांगेत उभा राहिला की सकाळी सातला राहतो. 'स्वतः राहतो' या दोन शब्दांवर सही करून शुक्रवारी डबीचे आकडे फिरवायला देणारी काही मंडळी त्या रांगेत असतील का, असा एक दुष्ट विचार माझ्या मनात येऊन गेला. विचारच तो. येऊन गेला, पाहुण्यासारखा.

शेवटी विषय सर्वसाधारण सभेत आला. अजेंड्यावर सातवा. साडेदहाची सभा, कोरम नाही. मग नियमाप्रमाणे ती तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसून तीच सभा सुरू झाली, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. सहकाराचा हा चमत्कार मला अजूनही भारावून टाकतो. विषय पुकारल्यावर पहिला अर्धा तास लिफ्टमध्ये ओकून ठेवणाऱ्याचा शोध घेण्यात गेला. मग बँकेतून निवृत्त झालेल्या एका सद्गृहस्थांनी उपविधींची पुस्तिका काढली. भाडेकरू ठेवायचा तर आठ दिवस आधी सोसायटीला कळवायचं, असं त्यात आहे. कुणीतरी म्हणालं, आठ दिवस आधी त्या पाहुण्यांना तरी कुठे माहीत असतं आपण येणार ते. बंदीचा ठराव करा, अशी सूचना आली. उपविधीच बदलायचे तर हजर सभासदांचं दोन तृतीयांश मत हवं आणि वर निबंधकांची मंजुरी, असं सेक्रेटरींनी सांगितलं. त्यांचा चेहरा मंजुरी नको असलेल्या माणसाचा होता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून प्रश्न आला, "रात्रीला मिळतात तरी किती?"

त्यानंतर सभा दोन मिनिटं शांत होती. आमच्या सोसायटीत राष्ट्रगीतालाही इतकी शांतता नसते. कुणी आकडा सांगितला. तो तीस दिवसांनी गुणल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ज्यांनी बंदीची सूचना मांडली होती त्यांनी चष्मा पुसला. आणि रिक्षातून ज्यांना दवाखान्यात नेलं होतं त्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी शेजारणीला हळूच विचारलं, "ते ॲप मराठीतून असतं का गं?" विषय पुढच्या सभेपर्यंत स्थगित. समोसे आले.

जगात सगळीकडे हाच सातवा विषय चालू आहे, फक्त तिथे समोसे नसतात. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केलं की शहरातल्या १०,१०१ पर्यटक फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवून टाकू. त्याच उन्हाळ्यात तिथल्या रहिवाशांनी मोर्चा काढून हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. आपल्याकडे होळीला मारतात आणि राग नसतो. स्पेनने एप्रिल २०२५ पासून अख्ख्या देशात नियम केला की इमारतीतल्या फ्लॅटमध्ये असा धंदा नव्याने सुरू करायचा तर आधी तीन पंचमांश शेजाऱ्यांची मंजुरी आणा. लंडनने वर्षाला नव्वद रात्रींची मर्यादा घातली. रात्री मोजत कोण बसणार हा प्रश्न तिथेही आहेच.

मला पटलं ते न्यूयॉर्कचं. सप्टेंबर २०२३ पासून तिथे तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घर द्यायचं असेल तर शहराकडे नोंदणी, एका वेळी दोनच पाहुणे, आणि यजमानाने स्वतः त्या घरात हजर असायचं. ही तिसरी अट ऐकून चौदा फ्लॅटवाल्याला घाम फुटेल. चौदा ठिकाणी एका रात्री झोपायचं तर मधमाशीचा जन्म घ्यावा लागेल.

आणि ही अट काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. आपल्याच पर्यटन मंत्रालयाची 'अतुल्य भारत' न्याहारी-निवास योजना आहे. एक ते सहा खोल्या पाहुण्यांना द्या, पण मालक कुटुंबासह तिथे राहत असला पाहिजे, असं ती म्हणते. मुळात एअरबीएनबीचा जन्मही असाच झाला. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांना घरभाडं झेपेना, म्हणून त्यांनी स्वतःच्याच खोलीत हवेच्या गाद्या टाकून तीन अनोळखी माणसांना झोपवलं आणि सकाळी न्याहारी दिली. नावातली 'एअर' ती गादीतली हवा. यजमान शेजारच्या खोलीत होता तोवर गाडी रुळावर होती. यजमान बंगळुरूला गेला आणि आमच्या जिन्याला डबी लागली.

माझं म्हणणं एवढंच आहे. रात्री किती, माणसं किती, संगीताचा आवाज किती डेसिबल, हे मोजत बसायची गरज नाही. बाथरूममध्ये मालकाचा टूथब्रश आहे का, एवढं बघा. असेल तर पाहुणा. नसेल तर ते लॉज आहे, मग लॉजसारखी नोंद करा, लॉजसारखी वही ठेवा, लॉजसारखा कर भरा आणि रात्री दोनला शेजाऱ्याने फोन केला तर उचला. रात्री दहाच्या पुढे गोंगाट करायचा नाही, हे देशभर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांपासून लिहिलेलं आहेच. ३०२ च्या भिंतीवरही ते लॅमिनेट करून इंग्रजीत लावलंय. भिंत वाचते.

कुणी म्हणेल की हे फारच जाचक. इंग्रज बघा. त्यांनी १८६७ मध्येच सराय कायदा केला. सराय चालवणाऱ्याने सरकारदरबारी नोंद करायची, अधिकाऱ्याला कधीही तपासणी करू द्यायची, खोल्या, ओसऱ्या, विहिरी, गटारं स्वच्छ ठेवायची, आवारातली झुडपं काढायची, भिंती-छपरं दुरुस्त ठेवायची, पहारेकरी नेमायचा आणि दरपत्रक बाहेर लावायचं. बैलगाडीने येणाऱ्या वाटसरूसाठी एवढं. दीडशे वर्षांनी विमानाने येणाऱ्या वाटसरूसाठी आपण काय केलं, तर चार आकडी डबी. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत कळवावी लागते हे खरं. पण भुसावळचा पाहुणा असेल तर सरकारला त्याच्याबद्दल काहीच कुतूहल नाही.

आता एक गोष्ट माझ्याच विरुद्ध जाणारी. गेल्या वर्षी ३०२ मध्ये एक कुटुंब सोळा दिवस होतं. परभणीकडचं. वडिलांवर पुण्यात मोठी शस्त्रक्रिया झाली होती. हॉटेल परवडत नव्हतं, आणि हॉटेलात पेज कोण करून देणार? मुलगी सकाळी सहाला उठून मऊ भात लावायची, डबा घेऊन दवाखान्यात जायची. कुकरची शिट्टी जिन्यात ऐकू यायची. त्या सोळा दिवसांत ३०२ पहिल्यांदा घरासारखं वाजलं. आमच्या हिने दोनदा वरण पाठवलं. निघताना ती मुलगी डबी बंद करून आकडे फिरवून ठेवत होती, तर हिने तिला हळदकुंकू लावलं. मुंबईत परळच्या आसपास टाटा हॉस्पिटलला येणाऱ्यांचे असे किती संसार भाड्याच्या खोलीत पंधरवड्यापुरते मांडले जातात ते परळकरांना विचारा. सरसकट बंदी घातली तर पार्टीवाले लोणावळ्याला जातील, त्यांची सोय आहेच. पेजवाली कुठे जाईल? सभेत हा मुद्दा मी मांडणार होतो. पण तेव्हा सगळे गुणाकारात होते.

शिवाय सोसायटीला तरी सभा घेता येते. पुण्यात कितीतरी इमारती सोसायटी नाहीतच, १९७० च्या कायद्याखालची अपार्टमेंट आहेत. तिथे घोषणापत्रात 'निवासी वापर' असं लिहिलेलं असतं आणि रहिवासी त्यावर म्हणतात, निवासच तर करतायत, दोन दिवस केला म्हणून काय झालं. मराठी भाषेचा एवढा काटेकोर अभ्यास एरवी कुणी करत नाही.

गोव्याने निदान कागद तरी केलाय. पर्यटकांना पैसे घेऊन घर द्यायचं तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते, मग तो बंगला असो की वन बीएचके. तरी गोव्याचे लोक वैतागलेले आहेत. दिल्लीवाल्यांनी फ्लॅट घेतले, गावात शेजारी उरले नाहीत, विहिरी आटल्या, अशी त्यांची तक्रार असते. आपण इथे बसून मान डोलावतो. दिल्लीवालेच ते.

दिवाळीनंतर आम्ही दोघं चार दिवस गोव्याला गेलो. हॉटेलचे दर बघून ॲपवर फ्लॅट घेतला. मालक दिल्लीचे नव्हते, पुण्याचे होते, हे आत शिरल्या शिरल्या कळलं: स्वयंपाकघराच्या दारावर लॅमिनेट केलेल्या सूचना, एकूण सव्वीस, त्यातली नववी 'गॅसवर पापड भाजू नयेत'. गृहस्थ आपल्या सोसायटीत नक्कीच समितीवर असणार. आदल्या रात्री त्यांचा मेसेज आला होता. पत्ता, डबीचे आकडे, वायफायचा पासवर्ड, आणि शेवटची ओळ: गेटवर कुणी विचारलं तर नातेवाईक आहोत म्हणा.

गेटवर साठीचे गृहस्थ खुर्चीत बसले होते. त्यांनी मासळीची पिशवी बाजूला ठेवली, आमच्या ट्रॉलीबॅगांकडे बघितलं, वही पुढे सरकवली आणि कोकणी हेलातल्या मराठीत विचारलं, "कुणाकडे आलात?"

मी फ्लॅट नंबर सांगितला. त्यांनी बोटाने रकाना दाखवला. 'नाते.' वरच्या चार ओळींत चार वेगवेगळ्या अक्षरांत चार मावसभाऊ होते. हिने समुद्राच्या दिशेला तोंड फिरवलं, जिथून समुद्र दिसत नव्हता. मी पेन घेतलं आणि 'आतेभाऊ' लिहिलं.